अमावास्येचा सर्व्हर

नाशकात गंगापूर रोडला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, संतोष खैरनारचं ऑफिस होतं. माणसं मोजकी, खुर्च्या जास्त, आणि एक एसी, जो बसवल्या दिवसापासून फक्त संतोषच्या टाळूवर वारा सोडायचा. बाजारांसाठी, दूध संघांसाठी, पतसंस्थांसाठी इथे प्रोग्राम तयार व्हायचे. धंदा बरा चालला होता. गिऱ्हाइकं मान द्यायची, बँकेचा मॅनेजर उठून खुर्ची द्यायचा. मान द्यायचा नाही असा जगात एकच माणूस होता, आणि तो नेमका सासरा निघाला.

सासरे म्हणजे खंडेराव. नांदगावकडे कांद्याचा एक खासगी बाजार आहे, त्याचे चेअरमन. लग्नाला बारा वर्षं होत आली तरी जावई नेमकं काय करतो हे त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं, आणि ते शिरावं अशी त्यांना घाईही नव्हती. कोणी पाहुणा आला की ते ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई. नाशकात कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान हाय यांचं."

"मामा, रिपेरिंग नाही. सॉफ्टवेअर."

"तेच ते."

बरं, यात संतोषचीही चूक होतीच. दर दिवाळीला सासुरवाडीत कोणाचा तरी बंद पडलेला प्रिंटर त्याच्यासमोर आणून ठेवला जायचा, आणि नाही म्हणायच्या ऐवजी हा बाबा मांडी घालून तो दुरुस्त करायचा. वर लाडू खायचा. मग सासरा काय म्हणणार?

पुढे प्रतिभाने, म्हणजे त्याच्या बायकोने, वडिलांच्या मागे लागून बाजाराच्या लिलावाचं कामही नवऱ्याला मिळवून दिलं. बाजाराच्या ऑफिसातल्या मागच्या खोलीत कोणीतरी फार पूर्वी बसवलेला सर्व्हर होता. लिलावात भाव ठरला की कारकून तो मोबाइलवर टाकणार, खिडकीतून पावती छापून येणार, पावती घेऊन ट्रॅक्टर काट्यावर जाणार. हे सगळं त्या एका मशीनवर. आणि ते मशीन असं होतं की गर्दी वाढली की बसकण मारायचं. पावत्या थांबायच्या, ट्रॅक्टर थांबायचे, आवाज चढायचे. त्यामुळे लिलाव चालू असताना खंडेरावांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. काठी घेऊन ते खिडकीपाशी उभे, एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला घामाघूम कारकून.

एका सोमवारी सायलीने विषय काढला. सायली म्हणजे ऑफिसातले सगळे सर्व्हर सांभाळणारी. रोज एकाच रंगाच्या डब्यात मटकीची उसळ आणणारी, एकाच जागी स्कूटर लावणारी, आणि 'चालतंय ना, मग हात लावू नका' हे ब्रीदवाक्य असलेली बाई. ती जेव्हा म्हणाली की नांदगावचं मशीन बदलायला हवं, तेव्हा संतोषने चहाचा कप खाली ठेवला.

"तू म्हणतेस? बदलायला?"

"मीच म्हणते. त्याच्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी म्हातारी झालीय की तिची डागडुजी आता कोणी करत नाही. कुठे भोक पडलं तर बुजवायला कोणी येणार नाही, सर. आणि रनटाइमही तेव्हाचंच."

संतोषला हे शब्द रोज ऐकून तोंडपाठ होते, पण सासऱ्याला सांगता येतील असे नव्हते. त्याने तोंड वाकडं केलेलं पाहून सायली म्हणाली, "ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ओटा. रनटाइम म्हणजे ओट्यावरची शेगडी. आपला प्रोग्राम म्हणजे भाकरी. गिऱ्हाइकाला फक्त भाकरी दिसते. पण ओटा हलला तर भाकरी जमिनीवर."

"ओटा नवा घालू," नौशाद म्हणाला. "एकदम नवा. गेल्याच महिन्यात आलाय."

नौशाद हा ऑफिसातला हुशार पोरगा, यात वाद नाही. पण नवं म्हटलं की त्याला धीर निघत नसे. त्याच्या फोनवर कायम कसली ना कसली चाचणी आवृत्ती असायची. त्यामुळे कधी त्याचा गजर वाजायचा नाही आणि तो उशिरा यायचा, तर कधी पैसे द्यायचं ॲप उघडायचं नाही आणि त्याचा चहा सायलीच्या नावावर जायचा. नव्याची एवढी किंमत तो हसतहसत मोजायचा, कारण बहुतेक वेळा ती सायली मोजायची.

"नवी सिस्टिम, वर सगळ्यात नवं रनटाइम," तो म्हणाला. "पावती दुप्पट वेगाने."

"मला दोन वर्षांपूर्वी आलेली हवी," सायली म्हणाली. "जिची डागडुजी अजून बरीच वर्षं मिळणार आहे अशी. आणि रनटाइमही तसंच, टिकाऊ म्हणून काढलेलं. नव्यात काय बिघडतं ते आधी दुसऱ्यांना कळू दे ना. आपणच कशाला पुढे होऊन काटे मोडून घ्यायचे?"

म्हणणं सरळ होतं. पण संतोषने आदल्याच रविवारी सासऱ्याला फोनवर छाती फुगवून सांगितलं होतं, की मामा, तुमच्या बाजारात असं मशीन आणतो की अख्ख्या जिल्ह्यात एवढं नवं कोणाकडे नसेल. तिकडून 'बरं' एवढंच आलं होतं, पण ते 'बरं' नेहमीपेक्षा थोडं लांब होतं, असं संतोषला वाटलं. आता दोन वर्षं जुनं घेऊन कसं जाणार?

"नवंच बसवायचं," तो म्हणाला.

सायलीने वाद घातला नाही. "ठीक आहे. पण मग मला अमावास्या द्या. त्या दिवशी लिलाव नसतो, बाजार रिकामा असतो. दिवसभर तिथे बसून खरी नावं, खरा काटा, खरा प्रिंटर लावून बघते."

आता गंमत बघा. जगातलं सगळ्यात नवं मशीन घ्यायला निघालेला हा माणूस अमावास्या म्हटल्यावर खुर्चीत मागे सरकला. अमावास्येला आपल्याकडे लिलाव होत नाही तो उगाच नाही. त्या दिवशी कोणी शुभारंभ करत नाही. नवी गाडी घेत नाही, नवा धंदा काढत नाही. आणि सासऱ्याच्या दारात नवा सर्व्हर अमावास्येला? छे. संतोषने भिंतीवरचं कॅलेंडर उलटसुलट करून दुसऱ्या दिवसाचा, प्रतिपदेचा, सकाळचा मुहूर्त काढला. संचालक मंडळी येणार, नारळ फुटणार, आणि मशीन पहिल्यांदा चालू होणार ते थेट लिलावाला.

"म्हणजे चाचणी नाही?" सायलीने विचारलं.

"ऑफिसात करा की. इथे काय कमी आहे?"

ऑफिसात चाचणी झाली. नौशादने गिऱ्हाइकाचं नाव म्हणून इंग्रजीत ए, बी, सी टाकलं, पावती झर्रकन आली, सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रतिपदेला बाजारात तोरण होतं. संचालक स्वच्छ टोप्या घालून आले होते, खंडेरावांनी नारळ फोडला, आणि संतोषने कळ दाबताना सासऱ्याकडे असं पाहिलं की प्रतिभा तिथे असती तर तिने मान फिरवली असती. पहिला ट्रॅक्टर पुंजा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. भाव ठरला, नाव टाकलं, पावती खरंच दुप्पट वेगाने बाहेर आली. पुंजाने ती जवळ धरली, लांब धरली, उलटी केली.

"माजं नाव कुठंय? इथं तर नुसतेच चौकोन हायेत."

प्रिंटरवर मराठी छापायला जो छोटा जोडप्रोग्राम लागतो तो या नव्या सिस्टिमसाठी अजून तयारच झाला नव्हता. इंग्रजी अक्षरं निघत होती. मराठी नावाच्या जागी मात्र रिकाम्या चौकटींची रांग. दुसरी पावती तशीच, तिसरी तशीच. काट्यावरचा माणूस चौकोन वाचून कोणाचा कांदा कोणाचा ते ठरवणार कसा? ट्रॅक्टर थांबले. नौशाद घाईघाईने काहीतरी करू लागला, आणि त्याच्या कपाळावर पहिल्यांदाच नवेपणाचा घाम आला.

"माजा बाप अंगठा उठवायचा," पुंजा शांतपणे म्हणाला. "तो निदान त्याचा तरी होता."

आजूबाजूचे हसले. संतोषला वाटलं, कांद्याच्या ढिगात तोंड खुपसावं.

सायलीने जुनं मशीन काढून टाकलं नव्हतं. बाजूलाच, पोत्याखाली, झाकून ठेवलं होतं. कोणाला काही न बोलता तिने वायरी परत जुन्याला जोडल्या, आणि मंडळींचा चहा संपेपर्यंत ते म्हातारं खोकतखाकत चालू झालं. लिलाव पार पडला. खंडेराव नेहमीसारखे काठी घेऊन खिडकीपाशी उभेच होते.

ते रागावले असते तर परवडलं असतं. निघताना ते गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "होतं असं, जावईबापू. दुकानात नेऊन बगा एकदा." मग म्हणाले, "संचालक मंडळी म्हणत्यात पुढच्या टायमाला पुण्याची पार्टी बोलवू. मी म्हणलं, एक डाव देऊ यांना. एकच."

 परतताना गाडीत मनमाडच्या पुढे नौशाद हळूच म्हणाला, "सर, माझ्या फोनवर मराठी नीट दिसत होतं," आणि सायलीने त्याच्याकडे नुसतं बघितल्यावर तो खिडकीबाहेर बघू लागला.

घरी प्रतिभाला सगळं आधीच कळलेलं होतं. माहेरचे फोन सर्व्हरपेक्षा वेगाने चालतात. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "अहो, एक सांगू? ओला कांदा साठवणीच्या चाळीत भरला तर काय होतं?"

"सडतो."

"आणि सुकवून, पत्ती धरल्यावर भरला तर?"

"टिकतो."

"एवढं तुम्हाला येतं. मग सायलीचं का ऐकलं नाहीत?"

संतोष जेवत राहिला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्याच्या नव्याला नऊ मिनिटंही मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर त्याला सर्व्हर बदलायचाच नव्हता, त्याला सासऱ्याचं तोंड बदलायचं होतं, आणि ते आता त्याला स्वतःलाच लख्ख दिसत होतं. त्याला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तो सायलीला म्हणाला, "तुझं दोन वर्षांपूर्वीचं घे. काय हवं ते घे."

"अमावास्या हवी," सायली म्हणाली.

म्हणजे पुन्हा सासुरवाडी. अमावास्येला मागची खोली उघडायची तर चेअरमनची परवानगी लागणार, आणि ही गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नव्हती. संतोष सायलीला घेऊनच गेला. खंडेराव पडवीत खाटेवर बसले होते. ऐकून घेऊन त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मुहूर्त बघून केलं तर ती गत झाली. आता अमावास्येला नवं काम काढून बाजार बुडवता का?"

 सायलीने विचारलं, "काका, अमावास्येला बाजारात तुम्ही काहीच करत नाही?"

"करतो की. काटा साफ करतो. पाण्याची मोटर खोलतो. शेडचा पत्रा उडाला आसंल तर ठोकून घेतो. जुनी कामं चालत्यात. नवं नाय चालत."

"मग हे जुनंच आहे."

"कसं काय?"

"आम्ही जे बसवणार आहोत ते दोन वर्षांपूर्वी निघालंय. आत्तापर्यंत किती जणांकडे चालून त्यातल्या खोडी निघून गेल्यात. नवं म्हणावं असं त्यात काही नाही. मोटर खोलून परत बसवतात, तसंच."

 खंडेराव संतोषकडे वळले. "येवढं चांगलं जुनं होतं, तर मागच्या टायमाला ते का नाय आणलं?"

उत्तर होतं, पण ते सासऱ्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. 

"म्हणजे हे रिपेरिंगच झालं म्हना की," खंडेराव म्हणाले. "नवं काम नाय. रिपेरिंग."

बारा वर्षं ज्या शब्दाशी संतोष भांडला, तो शब्द आता सासऱ्याने ताटात वाढून समोर ठेवला होता. नाही म्हणावं तर अमावास्या गेली, आणि काम पुण्याच्या पार्टीला. हो म्हणावं तर बारा वर्षं गेली. सायली खाली बघत होती, पण तिच्या गालाला खळी पडलेली त्याला दिसली.

"हो मामा," संतोष म्हणाला. "रिपेरिंगच आहे."

"मग चालतंय. किल्ली घिऊन जा."

अमावास्येला बाजार एकदम शांत होता. शेडमध्ये चिमण्या आणि कांद्याची टरफलं, बस. सायलीने मागच्या खोलीत मशीन लावलं आणि खऱ्या शेतकऱ्यांची खरी नावं एकेक करून छापायला घेतली. नावं मराठीत आली, सुवाच्य आली. तरी तिचं समाधान होईना. "खोटा लिलाव करू," ती म्हणाली.

मग नौशाद लिलाव पुकारणारा झाला, आणि तो त्याने मन लावून केला. रिकाम्या शेडमधून तो हात उंचावत चालला, मागून ट्रॅक्टर म्हणून संतोष. खिडकीशी सायली.

"बोला शेठ, बोला," नौशाद चिमण्यांना सांगत होता. "नाशिकचा जावई, मध्यम प्रत, वरून थोडा मोकळा झालाय पण आतून घट्ट."

"नौशाद, पगार आहे तुझा माझ्याकडे."

"प्रत सुधारली. उत्तम प्रत. बोला."

पावती घेऊन संतोष काट्यावर जाऊन उभा राहिला, कारण वजन करायला दुसरं काही नव्हतं. खिडकीतून पट्टी, म्हणजे वजनानंतरची हिशेबाची पावती, छापून आली. नाव संतोष खैरनार, माल उन्हाळ कांदा, वजन पंच्याऐंशी किलो. नाव अगदी ठसठशीत होतं. सायलीने ती पट्टी निरखून पाहिली आणि म्हणाली, "आता एकाच वेळी सगळ्यांची गर्दी करून बघू." संध्याकाळपर्यंत संतोष इतक्यांदा विकला गेला की शेवटी चिमण्यांनाही त्याची किंमत कळली असावी. गर्दीत कारकुनाचा मोबाइल अडकतो हे नौशादनेच शोधलं आणि जागेवर दुरुस्त केलं, हेही सांगायला हवं. तपासून बघायला त्याने फोन मात्र सायलीचा वापरला.

दुसऱ्या दिवशी लिलाव. तोरण नाही, नारळ नाही, संचालक नाहीत. संतोष पहाटेच निघून आला होता आणि त्याने रस्त्यात एक छोटं भाषण जुळवलं होतं, मामांनी विचारलं तर असावं म्हणून. कोणती सिस्टिम, ती का, डागडुजी किती वर्षं मिळणार, असं सगळं त्यात होतं.

ट्रॅक्टर लागले. भाव फुटला. पावत्या येऊ लागल्या. खंडेराव सवयीप्रमाणे काठी घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. शेतकरी यायचा, पावती घ्यायचा, जायचा. पुंजा आला, त्याने पावती वाचली, घडी घालून टोपीत ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. खंडेरावांनी काठी एकदा आपटून पाहिली, पण आपटायला कारण सापडेना. गर्दी वाढली तशा पावत्याही वाढल्या. कारकून चक्क गुणगुणत होता. खंडेराव एकदा खिडकीत डोकावले, एकदा काट्याकडे बघून आले. मग ऑफिसात येऊन भिंतीकडेला ठेवलेल्या खुर्चीकडे त्यांनी जरा संशयाने पाहिलं.

आणि ते बसले.

संतोष समोरच उभा होता. त्याने घसा साफ केला. आता मामा विचारणार, असं त्याला वाटलं. खंडेरावांनी चहा मागवला, अर्धा प्यायला, बशी बाजूला ठेवली, आणि बाहेर लिलावाचा कल्ला टिपेला पोचला असताना त्यांची मान हळूहळू छातीवर आली. थोड्या वेळाने ते घोरू लागले.

संतोषला आधी राग आला. एवढी रात्रंदिवस डोकेफोड, आणि हा माणूस झोपतो? त्याने वळून सायलीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, आणि म्हाताऱ्याकडे अशी बघत होती की जणू तिलाच कोणी शाल-नारळ दिला असावा. तेव्हा संतोषला उमगलं. लिलाव चालू असताना जो माणूस कधी टेकला नाही, तो आज घोरत होता. यापेक्षा मोठी शाबासकी त्या घराण्यात कोणाला मिळाली नसेल. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्याने उगाच प्रिंटरचा कागद तपासला.

तेवढ्यात महेबूबशेठ आत आले. नव्यानेच बाजारात खरेदीला लागलेले व्यापारी, त्यांनी संतोषला कधी पाहिलेलं नव्हतं. खुर्चीत घोरणारे चेअरमन बघून ते चपापले.

"तब्येत बरी आहे ना यांची?"

"बरी आहे. काही काम होतं?"

"नाही, एवढंच सांगायचं होतं की आज काही अडलं नाही. उठवू का?"

"राहू द्या," संतोष म्हणाला.

महेबूबशेठनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आपण कोण?"

भाषण तयार होतं. शब्द न शब्द पाठ होता. पण ते मोठ्याने म्हणावं लागलं असतं, आणि मामांची झोप मोडली असती.

"मी यांचा जावई," संतोष हळू आवाजात म्हणाला. "नाशकात रिपेरिंगचं दुकान आहे माझं."

झोपेत खंडेरावांच्या हातातली काठी सुटून खाली पडली. संतोषने ती उचलली आणि आवाज न करता भिंतीला टेकवून ठेवली.